नळी एकदाच तिरकी करायची

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात साप चावलेला माणूस आणला, की राष्ट्रीय उपचारपद्धतीनुसार त्याच्या रक्ताची एक तपासणी करायची असते. तिला यंत्र लागत नाही आणि वीजही लागत नाही. शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढून कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत सोडायचं. नळी २० मिनिटं उभी ठेवायची. मग एकदाच तिरकी करायची. रक्त जागचं हललं नाही, तर ते गोठलं आहे. ओघळलं, तर घोणस किंवा फुरसं चावलं आहे आणि विष अंगात भिनलं आहे असं धरून प्रतिविष सुरू करायचं.

या दोन तालुक्यांत सापाशी गाठ पडते ती बहुतेक कामाच्या जागी. राबाच्या जागेत पेरणी, पावसाचा जोर धरल्यावर आवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी आणि त्यानंतर खळ्यावरची झोडणी: भाताचं सगळं काम वाकून करायचं, पाय चिखलात आणि हात पेंढ्यात. भातामागे उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येते. साप बांधावर दिसतो न दिसतो तोच गवतात शिरतो, त्यामुळे कोणता चावला हे सांगणारं कुणी नसतं. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई या बाजूच्या पाड्यांवरून तालुक्याच्या गावी पोचायचं म्हणजे आधी वाहन मिळायला हवं. बऱ्याच घरांतून पहिली धाव भगताकडे असते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या परळच्या संस्थेने सर्पदंशावरच्या राष्ट्रीय प्रकल्पासाठी महाराष्ट्रातले जे तालुके निवडले, त्यांत गडचिरोलीच्या अहेरीबरोबर शहापूर होता.

नळीच्या चाचणीचे नियम चार. नळी काचेचीच हवी. २० मिनिटं तिला धक्का लागता कामा नये. तिरकी करायची ती एकदाच. आणि प्रतिविष दिल्यावर ६ तासांनी सगळं पुन्हा करायचं. हे नियम पाळण्या-न पाळण्याने केवढा फरक पडतो हे श्रीलंकेत मोजलं गेलं आहे. तिथे वॉर्डात नेहमीच्या पद्धतीने केलेल्या चाचणीने रक्त बिघडलेल्या रुग्णांपैकी निम्मेही पकडले नाहीत. तीच चाचणी ठरल्या पद्धतीने काटेकोर केली तेव्हा पाचांतले चार सापडले. नियमांमागची कारणं मात्र रुग्णालयाच्या भिंतीवर लिहिलेली नसतात. ती शोधायची तर नळीत तयार होणाऱ्या पदार्थाकडे पाहावं लागतं. तो एक जेल आहे, अमिनो आम्लांच्या धाग्यांनी बनलेला, आणि त्याच्यावर बळ लावलं की तो आपलं वागणं बदलतो.

२० मिनिटांत काय घडतं

रक्तातल्या पेशी वगळल्या की उरतो तो प्लाझ्मा. लिटरभर प्लाझ्मात २ ते ४ ग्रॅम फायब्रिनोजेन विरघळलेलं असतं. हे एक लांबोळकं प्रथिन आहे. सुमारे ३ हजार अमिनो आम्लं सहा साखळ्यांत ओवलेली असतात आणि त्या साखळ्या एकमेकींत गुंफून ४५ नॅनोमीटर लांबीचा रेणू बनतो. असे असंख्य रेणू रक्तात एकमेकांना न चिकटता पोहत असतात, कारण चिकटण्याच्या जागा झाकलेल्या असतात. झाकण म्हणजे साखळ्यांच्या टोकांचे छोटे तुकडे, एका प्रकारच्या साखळीवर १६ अमिनो आम्लांचा आणि दुसऱ्या प्रकारच्या साखळीवर १४ अमिनो आम्लांचा.

जखम झाली की थ्रॉम्बिन नावाचं विकर तयार होतं आणि ते हे तुकडे कापून टाकतं. तीन हजारांतली साठ अमिनो आम्लं गेली, एवढाच बदल. पण आता जागा उघड्या पडल्या. रेणू एकमेकांना अर्धे-अर्धे झाकत ओळीने जुळतात, ओळींचे धागे होतात, धागे शेजारी चिकटून जाड होतात, त्यांना फाटे फुटतात. या नव्या रूपाला फायब्रिन म्हणतात. बघता बघता नळीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच सलग जाळं उभं राहतं आणि तांबड्या पेशी त्यात अडकतात. जाळ्यातल्या प्रथिनाचं वजन एकूण वजनाच्या एक टक्काही भरत नाही. तरीही सगळं द्रव जागच्या जागी थांबतं. पाण्याला असं थांबवून धरणारं विरळ जाळं म्हणजे जेल.

काच का हवी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्त काचेत का गोठतं याचं नेमकं उत्तर नव्हतं. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे डॉक्टर ऑस्कर रॅटनॉफ यांनी जॉन हेगमन या रेल्वे कामगाराची गोष्ट प्रसिद्ध केली. हेगमनचं रक्त काचेच्या नळीत तासन्‌तास पातळच राही, पण त्याला स्वतःला कधी जास्त रक्तस्राव झाला नव्हता. त्याच्या रक्तात एक घटक नव्हता, ज्याला आज घटक १२ किंवा हेगमन घटक म्हणतात. काचेच्या ऋणभारित पृष्ठभागाला टेकला की हा घटक जागा होतो, तो पुढच्याला जागं करतो, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि ही साखळी शेवटी थ्रॉम्बिनपर्यंत पोचते. प्लास्टिकला हे जमत नाही. डिटर्जंटने धुतलेल्या काचेलाही नीट जमत नाही, कारण साबणाचा थर पृष्ठभाग झाकतो. अशा नळीत निरोगी माणसाचं रक्तसुद्धा २० मिनिटांनी ओघळू शकतं आणि गरज नसताना प्रतिविष दिलं जातं.

घोणशीचं विष याच साखळीत मधेच घुसतं. त्यातली दोन विकरं थेट घटक १० आणि घटक ५ यांना जागं करतात. फुरश्याच्या विषातलं एक विकर आणखी एक पायरी पुढे जाऊन थ्रॉम्बिनच्या पूर्वरूपावरच काम करतं. म्हणजे ही विषं रक्त गोठवणारी आहेत. ब्रिटिश डॉक्टर मॅकफर्लेन यांनी १९३४ मध्ये घोणशीचं विष भरपूर पातळ करून हिमोफिलियाच्या रुग्णांच्या उघड्या जखमेवर लावलं आणि रक्तस्राव थांबवला. पुढे ते औषध म्हणून विकलंही गेलं. रक्त गोठण्यातले काही दोष शोधण्यासाठी प्रयोगशाळा आजही या विषाचा उपयोग करतात.

मग दंश झालेल्या माणसाचं रक्त न गोठणारं का होतं? कारण साठा संपतो. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ३ लिटर प्लाझ्मा, म्हणजे फायब्रिनोजेन सगळं मिळून ६ ते १२ ग्रॅम. विष रक्ताबरोबर सगळीकडे फिरतं आणि सगळीकडे थोडं थोडं जाळं विणत सुटतं. ते जाळं शरीराची सफाई करणारी विकरं लगेच कातरून टाकतात. विणणं आणि कातरणं काही तास चाललं, की विणायला सूतच उरत नाही. हिरड्यांतून, लघवीतून, दंशाच्या जागेतून रक्त येऊ लागतं. अशा वेळी दंशाच्या जागी ब्लेडने चीर दिली तर विष बाहेर येत नाही, रक्त मात्र वाहत राहतं, कारण चीर बुजवणारा जेलच बनत नाही.

धक्का का नको

जाळं बनायला लागल्यापासून पक्कं होईपर्यंत बराच काळ जातो. सुरुवातीला फायब्रिनचे रेणू एकमेकांना धरून असतात ते विद्युतभारांच्या ओढीने, हायड्रोजन बंधांनी आणि पाण्यापासून दूर पळणाऱ्या अमिनो आम्लांच्या जवळिकीने. ही सगळी बंधनं नाजूक. नंतर घटक १३ कामाला लागतो. एका रेणूवरचं ग्लुटामिन आणि शेजारच्या रेणूवरचं लायसिन या दोन अमिनो आम्लांमध्ये तो पक्का रासायनिक बंध घालतो, जणू शिवण घालावी तसा. शिवण पडण्याआधी नळी हलली तर धागे तुटतात, तुकडे द्रवात तरंगतात आणि सलग जाळं तयारच होत नाही. वॉर्डातला पोऱ्या नळी उचलून बघतो, पुन्हा ठेवतो, पाच मिनिटांनी पुन्हा उचलतो, असं झालं की चाचणी बिघडली. म्हणून नळी कुणाचा हात लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून घड्याळ लावायचं.

एकदाच का

आता नळी तिरकी करण्याचा क्षण. तोंडाचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटीमीटर असलेल्या नळीत २ मिलिलिटर रक्त २ सेंटीमीटर उंच उभं राहतं आणि त्याचं वजन भरतं २ ग्रॅमांच्या थोडं वर. म्हणजे साधारण २०० पास्कल दाब. जाळं एवढं पेलतं का, हाच प्रश्न आपण विचारत असतो. प्रयोगशाळेत अशाच प्रश्नासाठी रिओमीटर नावाचं महागडं यंत्र असतं. इथे ते काम पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाकडून फुकट करून घेतलं जातं.

शरीरात मात्र गुठळीला यापेक्षा कितीतरी मोठा भार सोसावा लागतो. धमनीतला १२० मिलिमीटर पाऱ्याचा दाब म्हणजे १६ हजार पास्कल, नळीतल्या दाबाच्या ८० पट. एक टक्क्याहून कमी प्रथिन असलेला पदार्थ हे सोसतो कसा? सुंभाची सैल बाज आठवा. बोटाने दाबली तर ती सहज खाली जाते. माणूस बसला की सुंभ ताणले जातात आणि बाज घट्ट होऊन त्याला धरते. फायब्रिनचं जाळंही थोड्या बळाला मऊपणाने वाकतं, बळ वाढलं की धागे ताणाच्या दिशेला वळतात, सरळ होतात आणि जाळं कित्येक पट कडक बनतं. जैविक जेलांचा हा गुण २००५ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखात गणितासह मांडला गेला. पुढच्याच वर्षी ‘सायन्स’मध्ये फायब्रिनचा एकेक धागा ओढून पाहिलेले प्रयोग आले: धागा मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणला गेला, मगच तुटला.

एवढा ताण धाग्याने दिला कुठून, याचं उत्तर २००९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या जॉन वायझेल आणि सहकाऱ्यांनी दिलं. जाळं ताणत गेलं की आधी धागे रांगेत येतात, मग प्रत्येक रेणूतल्या मळसूत्री गुंडाळ्या उलगडू लागतात. उलगडताना आत दडलेली, पाणी न सोसणारी अमिनो आम्लं उघडी पडतात, एकमेकांना बिलगतात आणि मधलं पाणी पिळून काढतात. त्यामुळे ताणलेली गुठळी आकाराने घटते. अमिनो आम्लांचा क्रम असा लागलेला आहे, की बळ आलं तर रेणूनेच आपली घडी मोडून ते गिळावं.

पण या मजबुतीची एक किंमत आहे. हे जाळं एकदा खरोखर फाटलं, तर पुन्हा जुळत नाही. घटक १३ने घातलेली शिवण उसवली की ती परत घालायला नवं विकर आणि नवा माल लागतो. म्हणून नळी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाकवली आणि गुठळी भिंतीपासून सुटून फुटली, तर गोठलेलं रक्तही न गोठल्यासारखं दिसेल. एकदा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर खरं.

सगळे जेल असे नसतात. १९२३ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांना लोह ऑक्साइडचा एक जेल हलवल्यावर पातळ होताना आणि ठेवल्यावर पुन्हा घट्ट होताना दिसला, कितीही वेळा. त्यातले कण पक्क्या बंधांनी बांधलेले नव्हते. हलकी ओढ सुटायची आणि पुन्हा लागायची. इटलीत नेपल्सच्या कॅथीड्रलमध्ये संत जनुआरियस यांचं म्हणून जपलेलं रक्त वर्षातून ठरावीक दिवशी कुपी हलवताना पातळ होतं, अशी परंपरा चौदाव्या शतकापासून नोंदलेली आहे. १९९१ मध्ये तीन इटालियन शास्त्रज्ञांनी लोह क्लोराइड, खडू आणि मीठ यांपासून तांबूस तपकिरी जेल करून दाखवला, जो हलवला की पातळ आणि ठेवला की घट्ट होतो. ती कुपी कुणी उघडलेली नाही, त्यामुळे तिच्यात काय आहे याचा निकाल त्यांनी दिला नाही. खऱ्या रक्ताची गुठळी मात्र असं वागत नाही, एवढं नक्की.

अमिनो आम्लांचा असा पुन्हा जुळणारा जेल करता येईल का? आला आहे. २००६ मध्ये मँचेस्टर आणि तेल अवीव इथल्या दोन गटांनी फेनिलॅलानिन हे अमिनो आम्ल फक्त दोनदा घेऊन, त्याच्या टोकाला कर्बवलयांचा एक गट जोडून पाण्याचा जेल बनवला. तीन हजारांच्या जागी दोन. वलयं एकमेकांवर रचली जातात, त्यांचे धागे होतात, धाग्यांचं जाळं होतं. त्याहून पुढे गेलं आहे ते १६ अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड. एमआयटीतल्या शुगुआंग झांग यांना यीस्टच्या एका प्रथिनात भारित आणि पाणी न सोसणारी अमिनो आम्लं आळीपाळीने येणारा क्रम सापडला होता आणि त्यावरून १९९३ मध्ये या कुळातला पहिला पदार्थ पुढे आला. नंतरच्या पेप्टाइडात आर्जिनिन, अलॅनिन, अस्पार्टिक आम्ल, अलॅनिन हा क्रम चार वेळा येतो. आर्जिनिनवर धनभार, अस्पार्टिक आम्लावर ऋणभार, आणि अलॅनिनची बाजू पाण्याला पाठ फिरवणारी. शिवण कुठेच नाही, सगळी नुसती ओढ. २००५ मध्ये झांग यांच्या गटाने या पेप्टाइडाचे धागे ध्वनिलहरींनी तोडले. काही तासांत ते आपोआप पुन्हा लांब झाले.

याचा वैद्यकीय उपयोग सरळ आहे. सिरिंजचा दट्ट्या दाबला की पदार्थ बारीक नळीतून वाहतो. रक्ताला लागला की त्यातल्या क्षारांमुळे जागच्या जागी जमतो. २००६ मध्ये उंदीर आणि हॅमस्टर यांच्या मेंदू, यकृत, त्वचा अशा अवयवांवरच्या जखमांत १५ सेकंदांच्या आत रक्त थांबल्याचं प्रसिद्ध झालं. आज एंडोस्कोपी करताना आतड्यातला किरकोळ पाझर थांबवण्यासाठी हा जेल काही देशांत वापरतात. त्याला थ्रॉम्बिन नको, फायब्रिनोजेन नको. जखमेवर तो नुसता बांध घालतो. हे वाचून घोणशीच्या रुग्णाचा विचार मनात येणं साहजिक आहे. पण तिथे पाझर एका जागी नसतो. जिथे जिथे बारीक रक्तवाहिनी आहे तिथे तिथे गळती, आणि विष अजून फिरतंच आहे. बाहेरून लावायचा जेल तिथवर पोचणार नाही. शिवाय हा जेल सहज वाहतो म्हणूनच सिरिंजमधून देता येतो, आणि सहज वाहतो म्हणूनच धमनीच्या दाबापुढे फायब्रिनइतका टिकत नाही. पुन्हा जुळण्याची सोय आणि ताणात कडक होण्याची ताकद हे दोन्ही एकाच पदार्थात आणणं, हे या क्षेत्रातलं आजचं कठीण काम आहे.

६ तासांनी पुन्हा का

घोणशीच्या विषावर इलाज एकच, प्रतिविष. भारतात ते घोड्यांना नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष थोडं थोडं टोचून, त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांपासून करतात. विषाचा मोठा पुरवठा तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून होतो. मुरबाडकरांना हे औषध भूगोलाने तरी जवळचं आहे: ते बनवणारा एक कारखाना घाटाखाली अंबरनाथला आणि एक माळशेज चढून गेल्यावर नारायणगावला आहे.

प्रतिविष रक्तातल्या विषाला बांधून टाकतं. ते फायब्रिनोजेन तयार करत नाही आणि गुठळीही करत नाही. ते काम रुग्णाच्या यकृताचं. विष थांबलं की यकृत अन्नातून आणि स्नायूंतून आलेल्या अमिनो आम्लांच्या पुन्हा माळा ओवू लागतं, आणि नळीत जाळं उभं राहण्याइतका माल रक्तात यायला साधारण ६ तास लागतात. त्याआधी चाचणी केली तर रक्त पातळच दिसेल आणि औषध लागू पडलं की नाही ते कळणार नाही. ६ तासांनीही ओघळलं, तर विष अजून शिल्लक आहे असं समजून आणखी प्रतिविष द्यायचं. पहिली चाचणी गोठलेली आली तरी पुढचे काही तास ती पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण दंशाच्या जागेतून विष हळूहळू रक्तात उतरत असतं.

मेंदूत आधीच झालेला रक्तस्राव किंवा मूत्रपिंडांना झालेली इजा प्रतिविषाने उलटत नाही. म्हणून हा हिशोब पाड्यावरच सुरू होतो: चीर द्यायची नाही, दोरीने आवळायचं नाही, अंगठ्या-कडी काढायची, हातपाय हलू न देता माणसाला थेट रुग्णालयात न्यायचं. भगताला बोलवायचंच असेल तर तो गाडीत बरोबर येऊ शकतो. आणि रुग्णालयाच्या बाजूने एक छोटी काळजी. रक्त आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या नळ्यांत घेतात, त्यामुळे कोऱ्या काचेच्या नळ्या मुद्दाम मागवाव्या लागतात. आवणी सुरू होण्याआधी औषधांच्या मागणीपत्रात प्रतिविषाच्या कुप्यांखाली त्यांचीही एक ओळ असायला हवी.